दुसऱ्या गिअरची नक्कल

आमच्या गाडीच्या दुसऱ्या गिअरची नक्कल मला फार भारी जमते. जीभ टाळूला चिकटवायची, घसा आवळायचा आणि शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं ओरडायचं, पण मांजर लोखंडाचं आहे असं समजून. कर्र्र्र-खट्ट! शेवटचा ‘खट्ट’ महत्त्वाचा. तो जमला नाही तर जुना पंखा वाटतो.

नकलांचा नाद जुना आहे. सिन्नरला शाळेत होतो तेव्हा मुख्याध्यापकांचा खोकला काढायचो. खिडकीबाहेरून नुसता खोकलो की अख्खा वर्ग गपगार. पुढे आम्ही नाशकात आलो, सिडकोत, कारण पप्पांची नोकरी अंबडच्या एका कंपनीत. आता ते रिटायर आहेत. पण आयुष्य लेथ मशीनवर गेल्यामुळे घरात काहीही बिघडलं की त्यांचं वाक्य ठरलेलं असतं, “मशीनची चूक नसते, ऑपरेटरची असते.” मिक्सर बंद पडला? ऑपरेटर. इस्त्रीने कॉलर जाळली? ऑपरेटर. आणि आमच्या घरात ऑपरेटर म्हणजे बहुतेक वेळा आई.

गेल्या पावसाळ्यात आई गाडी शिकली. पन्नाशी उलटल्यावर. क्लास लावला, लायसन काढलं, मजल्यावर पेढे वाटले आणि त्याच दिवशी मामाला फोन करून सांगून टाकलं, “यंदा भाऊबीजेला मी स्वतः गाडी चालवत येणार. तू रस्त्यावर येऊन उभा राहा.” मामाची द्राक्षबाग दिंडोरीच्या पुढे. मामाने ती बातमी निम्म्या गावाला पुरवली. म्हणजे आता परतीचा रस्ता बंद. आईने साडीसुद्धा ठरवली, पायात न अडकणारी. ओवाळायचं ताट मागच्या सीटवर, माझ्या मांडीवर. माझी नेमणूक तेवढीच.

आणि दिवाळीच्या तोंडावर थंडी पडली तसा गिअर ओरडायला लागला.

आई प्रॅक्टिसला गाडी काढायची ती सकाळी, रस्ते मोकळे असताना. शेजारी पप्पा, मागे मी. सोसायटीच्या गेटमधून पहिल्या गिअरवर छान निघायची आणि वळणावर दुसरा टाकला की, कर्र्र्र-खट्ट! वॉचमनची खुर्ची हलायची. पप्पा डोळे मिटून घ्यायचे, जणू त्यांच्याच दाढेत कुणी ड्रिल घातलंय.

“क्लच पूर्ण दाब.”

“दाबलाय हो. अजून दाबला तर पाय रस्त्याला लागेल.”

“मग आवाज का येतो?”

“मला काय माहीत? लेथवाले तुम्ही.”

“ऑपरेटर,” पप्पा खिडकीकडे बघत म्हणायचे. हळूच, पण ऐकू जाईल एवढं.

वर पुरावा त्यांच्या बाजूने. पप्पा स्वतः गाडी काढायचे ती दुपारी, जेवून, उन्हात उभी राहून तापलेली. त्यांच्या हातात दुसरा गिअर कसा पडायचा? सुळ्ळक्. एकदम लोण्यासारखा. “बघितलं?” एवढंच बोलायचे, आणि ते चार वाक्यांपेक्षा जास्त लागायचं.

शेवटी एका सकाळी त्यांनी निकाल दिला. “भाऊबीजेला मी चालवणार. दिंडोरी रोडला दर गावाला स्पीडब्रेकर आहेत. प्रत्येक ठिकाणी दुसरा गिअर. मामाच्या घरी पोहोचेपर्यंत गिअरबॉक्सचा भुगा होईल. तू हवं तर पंचवटीपर्यंत चालव.”

आईने गाडी वळवली. घरी येऊन चकल्या पाडायला बसली. सोऱ्या असा दाबत होती की चकल्यांची मला काळजी वाटली.

तिला हसवावं म्हणून मी स्वयंपाकघरात खेळ लावला. पप्पा गाडीत बसताना पोट आत घेतात ते, आरसा पुसतात ते, मग आईची सकाळ: “अहो, दाबलाय! कर्र्र्र-खट्ट!” मग पप्पांची दुपार: “हम्म. सुळ्ळक्. बघितलं?”

आई हसली नाही. झारा तसाच धरून म्हणाली, “थांब. परत कर.”

“कुठलं?”

“सकाळचं.”

“कर्र्र्र-खट्ट.”

“आता पप्पांचं, दुपारचं.”

“सुळ्ळक्.”

“आणि परवा दुपारी मी तुला भाजीला घेऊन गेले होते तेव्हा?”

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण आठवून बघितलं तर तेव्हासुद्धा सुळ्ळक्च होतं. आवाज आला नाही म्हणून कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. पप्पा गाडीत नव्हते, त्यामुळे नोंदही झाली नव्हती.

“म्हणजे माझा पाय सकाळी अडाणी असतो आणि दुपारी शहाणा होतो?” आई म्हणाली. मग कढईकडे बघितलं, मग बाथरूमच्या दाराकडे. “सकाळी खोबरेलाची बाटली बघितलीस? थिजून दगड झालीय. गाडीच्या त्या गिअरमध्येही तेल असतं ना रे? कुठलं घातलंय?”

आणि मला मे महिना आठवला.

मे महिन्यात आम्ही मामाकडे गेलो होतो, पप्पा चालवत. गिअरबॉक्सच्या बाजूचं सील गळायला लागलं. गावातल्या मिस्त्रीने सील बदललं, पण सगळं जुनं तेल वाहून गेलेलं. पप्पा म्हणाले, दुकानातून आणू. मामाला ते फार लागलं. आमच्या आजोळची एक रीत आहे, जावयाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही आणि साधं काही द्यायचं नाही. मागे द्राक्षं दिली तीसुद्धा एक्स्पोर्टवाली. मामा शेडमधून ट्रॅक्टरच्या गिअरच्या तेलाचा डबा घेऊन आला. “दाजी, बाहेरचं पातळ पाणी कशाला घालता? हे बघा, कसं जाड हाय. लय भारी. तुमच्या गाडीला नाय द्यायचं तर कुणाला द्यायचं?”

आता सासरवाडीला मेव्हणा एवढ्या प्रेमाने डबा पुढे करतोय, तर जावई काय म्हणणार, पुस्तकात बघतो? पप्पांनी मानाने तेल घालून घेतलं. वर उरलेलं बाटलीत भरून दिलं ते घरी आणलं, जसं काही घरचं तूप. मेच्या उकाड्यात ते जाड तेलही पातळच असणार. गाडी चालली मजेत. पुढे थंडी आली, त्याच सुमाराला स्टिअरिंगवर आई आली, आणि केस आईवर पडली.

बाटली बाल्कनीत झाडूमागे होती. आईने ती पुसली, पिशवीत घातली आणि फ्रिजमध्ये ठेवली. दुधाशेजारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा दुसऱ्या चहासाठी दूध काढायला गेले.

“अगं! फ्रिजमध्ये ऑइल कुणी ठेवलं?”

“ऑपरेटरने,” आई म्हणाली. “जरा वाकडी करून बघा.”

पप्पांनी बाटली आडवी केली. आतलं तेल हलायला तयार नाही. आधी विचार केल्यासारखं थांबलं, मग काकवीसारखं एक बोट पुढे सरकलं. आई बाजूला उभी होती, हात पुसत.

“सकाळी हे असं असतं त्या गिअरमध्ये. यात तो दुसरा गिअर बिचारा जुळणार कसा? दुपारी तापलं की वाट देतं. तुम्ही दुपारवाले.”

पप्पा बाटली इकडून तिकडे करत राहिले. “जाड तेल चांगलं असतं, धातूला धरून राहतं,” असं सुरू केलं, पण आवाजात दम नव्हता. “तुझ्या भावानेच दिलं ना.”

“भावाने दिलं. घालताना ऑपरेटर कोण होतं?”

मी त्या वेळी चहा पीत होतो. तो नाकातून आला.

त्याच दिवशी आम्ही तिघं द्वारका चौकाजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. गाडीचं पुस्तक आईने पर्समध्ये घेतलं होतं. ते विकत घेतल्यापासून प्लॅस्टिकमधून बाहेर आलं नव्हतं.

“गिअर ऑइल ना? नव्वद नंबरचं देऊ?” दुकानदार वळलासुद्धा. “सगळे नव्वदच नेतात.”

“सगळ्यांच्या गाडीने मला भाऊबीजेला जायचं नाहीये,” आई म्हणाली आणि पुस्तकाचं पान काउंटरवर ठेवलं. “हे बघा. पंचाहत्तर डब्ल्यू ऐंशी. जीएल-फोर.”

मग आईने साडीच्या दुकानातला कार्यक्रम केला. ही दाखवा, ती दाखवा, खालची काढा. प्रत्येक बाटली कानाशी धरून हलवायची. जाडवाली म्हणायची गुडुप्. पुस्तकातली म्हणायची खळ्ळक्. मी दोन्ही आवाज तिथल्या तिथे पाठ केले.

पप्पा एका बाटलीकडे बोट दाखवत होते. “यावर जीएल-फाइव्ह आहे. पाच मिळत असताना चार कशाला घ्यायचं?”

“काका, मार्क नाहीत ते,” दुकानदार म्हणाला. “पाचवालं मागच्या ॲक्सलला, जीपबिपला. त्यातली औषधं तुमच्या गिअरमधल्या पितळी रिंगांना बाधू शकतात. पुस्तकात चार आहे तर चारच घ्या. आणि ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीचा. तो लहान, तर सकाळी तेल लवकर पळतं.”

“बघितलं?” आई म्हणाली. पप्पांच्याच आवाजात. नक्कल घराण्यात कुठून आली ते मला तेव्हा कळलं.

अंबडला पप्पांच्या एका दोस्ताचं वर्कशॉप आहे. सुट्टीमुळे बंद होतं, पण किल्ली मिळाली. तिथे गाडीखाली उतरायला खड्डा आहे आणि जमीन सपाट. सपाटच लागते, नाहीतर तेलाची पातळी खोटी दिसते. गाडी चालवत नेल्यामुळे जुनं तेल गरम होतं. पप्पा पाने घेऊन खड्ड्यात उतरले, आणि मान्य करायला पाहिजे, तिथे ते एकदम राजा.

“आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सोडवायचा,” खालून आवाज आला. “खालचा आधी सोडला, सगळं तेल गेलं, आणि वरचा जॅम निघाला तर? गाडी इथेच, भाऊबीज फोनवर.”

वरचा सुटला. मग खालचा. मामाचं प्रेम जाड धारेने ट्रेमध्ये उतरलं, आणि उतरतच राहिलं. शेवटचा थेंब पडल्यावर पप्पांनी नवीन वॉशर टाकून खालचा बोल्ट आवळला. मी वरून बॉनेटमधून पारदर्शक नळी सोडली, वर नरसाळं धरलं. ओतायला आई.

“धार बारीक ठेव,” खालून सूचना.

“धार मला शिकवू नका. करंज्या तुम्ही तळता का?”

अर्ध्यात मला राहवलं नाही. पप्पांच्या आवाजात म्हणालो, “थांब!” आई थांबली.

“का थांबलीस?” खालून खरे पप्पा.

“तुम्हीच म्हणालात!”

“मी कुठे?”

मग दोघांनाही एकदम कळलं. एक पाना खड्ड्यातून माझ्या दिशेने उडाला, पण प्रेमाने. पुढे भरण्याच्या भोकातून तेल काठोकाठ येऊन ठिबकायला लागलं तेव्हा पप्पा म्हणाले, “थांब. आता खरंच थांब.” ठिबकणं बंद होऊ दिलं आणि बोल्ट लावला.

भाऊबीजेच्या सकाळी काचेवर दव होतं. आई स्टिअरिंगवर, पप्पा शेजारी, मी मागे ताट घेऊन. गेट. पहिला गिअर. वळण आलं. आईचा हात गिअरवर गेला. सवयीने माझी जीभ टाळूला लागली.

सुळ्ळक्.

वॉचमनने खुर्चीतून मान वर करून बघितलं, काहीतरी चुकल्यासारखं.

 पंचवटी आली, पप्पांनी गाडी मागितली नाही. दिंडोरी रोडला पहिल्या दोन स्पीडब्रेकरला त्यांचा डावा पाय आपोआप खाली दाबला जात होता. मग तोही थांबला. पुढे ते खिडकीतून बागा बघायला लागले. “इथे एवढी द्राक्षं कधी लावली?” म्हणाले. बरोबर आहे, इतकी वर्षं ते फक्त रस्ता बघत होते.

मामा खरंच रस्त्यावर उभा होता, चार शेजारी घेऊन. “ताई, तू आणली? खरंच?” आईने गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि एकदम रडायलाच लागली. मग हसली. मग साडी नीट केली.

ओवाळून झाल्यावर, निघताना मामा शेडमधून बाटली घेऊन आला. “दाजी, भरून ठेवलीय बघा. थंडीचं गाडीला जाड तेल लय चांगलं.”

मी पप्पांकडे बघितलं. आता मेव्हण्याचं मन मोडणार की गाडीचं?

“मला काय विचारता?” पप्पा म्हणाले. “ऑपरेटरला विचारा.”

“दे इकडे,” आई म्हणाली. “झोपाळ्याच्या कड्या करकरतात. त्यांना होईल.”

जाताना माझ्या मांडीवर ताट होतं, परत येताना बाटली. झाकण नीट बसलं नव्हतं. जाड तेल म्हणून हळूहळू आलं, पण आलं. दिंडोरी नाक्यापर्यंत माझी दिवाळीची नवीन पँट गेली होती.

मी ओरडलो. आईने आरशातून बघितलं आणि आवाज न करता दुसरा गिअर टाकला. पप्पांनी मागे वळून, अगदी शांतपणे, बाटली बघितली, पँट बघितली.

“बाटलीची चूक नाहीये,” ते म्हणाले.