पेट्रोलच्या झाकणाखालची दुधाची पिशवी

दहा दिवसांत एकाच स्कूटरचा कार्ब्युरेटर मी दोनदा खोलला. दोन्ही वेळा आत कचऱ्याचा कणसुद्धा नव्हता. शहाण्या मेकॅनिकने दुसरीकडे बघितलं असतं. मी गाडीवालीला दोष दिला.

मुलुंडला आमचं गॅरेज होतं. दोन गाड्या आत घेतल्या की मला बाहेर उभं राहावं लागायचं. आता गुडघे गेले, नातवंडं आली, पाने-पकडी मुलाकडे गेल्या. पण तेव्हा मी चाळिशीत होते आणि बाई मेकॅनिक म्हणून भलत्याच तोऱ्यात होते. कानावर पेन्सिल खोचायचे. तिने कधी काही लिहिलं नाही, नुसती स्टाइल.

स्कूटर परब वहिनींची. गिअरलेस. त्यांच्या मिस्टरांच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा, सकाळी सातच्या शिफ्टला, वहिनी त्यांना मागे बसवून घाटकोपरला डायलिसिसला न्यायच्या. मशीनवर चार तास. उशीर झाला तर तेवढा वेळ कापला जायचा, कारण अकराला त्याच मशीनवर दुसरा पेशंट. कापलेल्या वेळेतलं पाणी आणि घाण अंगातच राहायची.

"ताई, विक्रोळीच्या आसपास गाडी आचके देते आणि बंद पडते," वहिनी म्हणाल्या. "थोडं थांबलं की परत चालू होते."

"कार्ब्युरेटर," मी म्हटलं. डॉक्टर नाडी न बघता औषध लिहितात ना, तसं.

कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारं भांडं. त्यात जेट असतो, पितळेचा, सुईएवढ्या भोकाचा. तिथे कचरा अडकला की इंजिन उपाशी मरतं. मी सीट उचलली, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं, झाकण लावलं. कार्ब्युरेटर खोलला, जेटमध्ये हवा मारली, गल्लीत एक चक्कर मारून आले. गाडी झकास.

पुढच्याच आठवड्यात परत तेच. या वेळी परब भाऊही आले. स्टुलावर बसले, पायाला सूज, चपलेचा पट्टा सोडलेला. मी पुन्हा झाकण उघडलं, पेट्रोल बघितलं, कार्ब्युरेटर खोलला, प्लग बदलला, फिल्टर बदलला, चक्कर मारली. गाडीला काही नाही! आता मला राग आला.

"वहिनी, रेस कशी देता? एकदम पिळता का?"

"नाही हो. सावकाश देते. हे मागे असतात ना."

"मग फारच सावकाश देत असाल. भाऊ, शिकवा जरा यांना. दोष गाडीत नाही, हातात आहे."

परब भाऊ हसले. "अगो, ऐकलंस मा?"

वहिनी हसल्या नाहीत. हेच वाक्य वीस वर्षं बाप्ये माझ्याबद्दल बोलत होते. मला ते पाठच झालं होतं. पहिली बाई समोर आली आणि तिच्यावर मी ते वापरून मोकळी झाले.

त्या शनिवारी गाडी विक्रोळीला हायवेवर बंद पडली आणि लवकर चालूच झाली नाही. वहिनींनी हात करून करून शेवटी एक रिक्षा थांबवली. भाऊंना मशीनवर अडीच तास मिळाले. रविवारी त्यांचा श्वास अडकायला लागला, छातीत पाणी भरलं. सोमवारी ते गेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट आधीच थकलेलं होतं. कोणी माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

तेराव्यानंतर वहिनी आल्या. हॉस्पिटलचे कागद आणायला घाटकोपरला गेल्या होत्या. येताना गाडी पुन्हा बंद पडली, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. तिथून ढकलत आणली. "बघा जरा," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी कॉम्प्रेसरचा पट्टा तुटलेला होता. तो दिवसभर ढणढणायचा, त्यात दुसरं काही ऐकू यायचं नाही. आज गॅरेज शांत होतं. मी सवयीने सीट उचलली आणि झाकण फिरवलं.

फुस्स.

टाकीने लांबलचक श्वास आत घेतला. झाकणाखालचं प्लास्टिक वाटीसारखं आत ओढलं गेलं होतं.

तेलाच्या पत्र्याच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. एकच पाडलं तर धार अडते. टाकीचंही तसंच. झाकणात बारीक भोक असतं, हवा आत जायला. ते बुजलं की पेट्रोल थोडा वेळ उतरतं, मग अडतं; हळूहळू हवा झिरपली की परत उतरतं.

भोक बुजवलं होतं दुधाच्या पिशवीच्या तुकड्याने. आणि तो माझा होता.

पावसाळ्याच्या तोंडावर मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या झाकणाखाली असा तुकडा लावायचे. टाकीत पाणी जाऊ नये म्हणून, माझी खास आयडिया. वर ऐटीत बजावायचे, "पंपावर पेट्रोल भरलं की परत लावायचा हं." बाकीच्यांनी तो पहिल्याच पंपावर फेकला. परब वहिनी दर वेळी तो पुसून परत लावत होत्या. डायलिसिसच्या आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरत होत्या. टाकी जितकी भरलेली, तितकी आत हवा कमी आणि गाडी तितकी लवकर अडणार. मी मात्र दर वेळी आधी झाकण उघडत होते. म्हणजे आजार माझ्याच हाताने बरा करत होते, मग तुकडा परत लावून निरोगी कार्ब्युरेटर खोलत होते. तुकडा दोन्ही वेळा दिसला होता. पण माझ्याच हातचा, त्याच्यावर कोण संशय घेणार?

जेटमध्ये कचरा होता, असं सांगता आलं असतं. त्यांना कळलं नसतं. पण पाय सुजलेला तो माणूस माझ्या स्टुलावर बसून हसला होता. मी सगळं सांगितलं आणि तुकडा त्यांच्या हातात दिला.

त्यानंतर माझ्याकडे बंद पडलेली गाडी आली की मी आधी एकच बघायचे, आपण हिला मागच्या वेळी काय केलं होतं. कार्ब्युरेटर नंतर.

त्या दिवशी वहिनींनी तुकड्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. आवाज चढवला नाही.

"त्या शनिवारी रस्त्याच्या कडेला बसून ते मला म्हणत होते, अगो, ताई सांगतत तशी रेस दी गो. मी नीटच देत होते, हे आता त्यांना कोण सांगणार?"