शिपायांचा दगड

“ए शिपाई, पाणी फिरव पाहुण्यांना.”

भर मंडपात. माईकवरून. लोक हसले.

मी हातात झेंडूचा हार घेऊन उभा. बोलणारा विजयदिन समितीचा अध्यक्ष. आमच्या ऑफिसात तो साहेब होता, मी शिपाई. दोघं रिटायर झालो. त्याचं साहेबपण काही रिटायर झालं नाही.

तारोडीच्या वरची ही टेकडी. फिरंग्यांशी मराठे लढले ते इथेच. वर बुरूज आहे. माणसं पडली ती खाली, उतारावर. त्यांचं नाव नाही, गाव नाही. शेंदूर लावलेला एक दगड, बस.

माझी बायको तारोडीची. सर्वपित्रीला घरच्या पितरांच्या आधी या दगडापुढे पान वाढायची. वरणभात, वडे, भोपळ्याची भाजी. मी हसायचो. एकदा भडकली.

“हसताव काय? यांची घरं कुनाला ठावं न्हाय. यांना कोन जेवू घालनार? शिपाईच ते. तुमच्याच जातीचे हायत.”

गेल्या शिमग्याला ती गेली. दगड माझ्यावर टाकून गेली.

मंडपातला तो दिवस म्हणजे समितीचा विजयदिन. फलकावर सरदारांची नावं, त्याखाली समितीवाल्यांची, जास्त मोठी. आणि मंडपाची दोरी बांधलेली कशाला? त्या दगडाला. शेंदरावर गाठ. माझं डोकंच फिरलं.

“साहेब, दोरी काढा. हा वीरांचा दगड आहे.”

“कसले वीर? साधे शिपाई. ते पडायलाच असतात. ट्रे उचल, चल. हा दगडपण उचलायचाय. उतार सपाट करून पार्किंग होतंय इथे.”

जन्मभर त्याची बेल वाजली की उठलो. त्या दिवशीही पाऊल उचललंच होतं. सवय. मेली सवय. मग तिचा शब्द आठवला. तुमच्याच जातीचे.

“नाही फिरवत.”

“काय म्हणालास?”

“शिपाई आहे, म्हणूनच नाही फिरवत.”

खाली बसलो. गाठ सोडली. मंडपाची एक बाजू पाहुण्यांच्या सोफ्यावर बसली. कोणीतरी ओरडलं, “अंकल, पागल हो गए क्या?” दगडाला हार घातला आणि पाठ टेकून तिथेच बसलो. उठवायला आले. उठलो नाही.

पार्किंग होणार, असं अजून म्हणतायत. येऊ दे मशीन. सर्वपित्रीची वाट बघणार नाही, त्याच दिवशी पान वाढीन. माझे वडे फुटतात. फुटकेच वाढीन. शेजारी एक पान तिचं.

साहेब विचारेल, इथे काय करतोस?

सांगेन, शिपाई आहे. जागा सोडत नाही.