शेजारच्या काकांची हरकत

आमच्या शेजारच्या काकांनी आयुष्यात एकही सभा सुखासुखी पार पडू दिली नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन ते मुकुंदवाडीकडच्या आमच्या शाळेच्या समितीवर शिक्षणप्रेमी म्हणून आले, आणि त्यांच्या हरकती इतिवृत्तात लिहून लिहून माझ्यासारख्या शिक्षिकेचा हात दुखायला लागला. चहा आला की "हा विषयपत्रिकेत नाय" म्हणून बजावायचे आणि दोन कप प्यायचे. पुतण्याच्या साखरपुड्यात तर गुरुजींना म्हणाले, "आधी मागच्या बैठकीचं वाचून दाखवा."

मग दुष्काळ पडला. शहर चहूकडून वाढत होतं, समोरच्या इमारतींवर मजले चढत होते आणि आमच्या वस्तीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा. त्या दिवशी वर्गात मुलींचे बाक रिकामे असायचे. नेमकं त्याच वर्षी शाळांना संगणक द्यायचं धोरण आलं. समितीचा ठराव तेवढा हवा होता. काका उठले. "लेकरांला प्यायला पाणी नाय अन् कॉम्प्युटर कशाला? आधी नळ द्या, मंग ठराव!" पालकांना पटलं. मलाही पटलं, मी टाळ्या वाजवल्या. संगणक शहरातल्याच उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेला गेले.

दुसऱ्या दिवशी सातवीतली अर्चना त्यांना फाटकातच भेटली. म्हणाली, "काका, पाणी तर मी लांबून का व्हईना, आणते. कॉम्प्युटर कुठून आणू?"

 संध्याकाळी काका तिच्या घरी गेले आणि आईदेखत तिला म्हणाले, "माझं चुकलं, पोरी." मग उस्मानपुऱ्याच्या मुख्याध्यापकांना गळ घालून दर शनिवारी पाच मुलींना ते सिटीबसनं तिकडं न्यायला लागले. मुली आत संगणकावर, हे दोन तास बाहेर व्हरांड्यात, मांडीवर पाच दप्तरं घेऊन.

उन्हाळ्यात अर्चनाचे आईवडील कामासाठी पुण्याकडं गेले, तिला घेऊन. शाळेत नळ आला तो त्यानंतर दोन वर्षांनी.

शेवटी काका अंथरुणाला खिळले. मी गेले की एकच विचारायचे, "बाई, पोरीच्या तिथल्या शाळंत कॉम्प्युटर हायत का?"

"आहेत ना, काका. लई छान शिकतेय."

ते समाधानानं डोळे मिटायचे. ती शाळेत जाते की नाही, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.