मुक्या पिच्चरचा भोंगा

काल नातीनं मोबाइलवर एक जुना मुका पिच्चर लावला. घोडेस्वार, धूळ, लाकडी घरं. त्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. पण स्टेशनावर नवऱ्याची वाट पाहणारी ती बाई दिसली आणि मी ओळखलं.

मी नऊ वर्षांची होते. आमच्या मॅंगनीज खाणीच्या कॉलनीत संध्याकाळी बांबूंना चादर बांधून हाच पिच्चर दाखवला होता. बाबा दुसऱ्या पाळीला खाणीत उतरले होते. आवाज नाही म्हणून लोक आधी कुरकुरले, मग त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत गप्प झाले. गाडी आली. इंजिनाच्या शिटीतून पांढरी वाफ निघाली आणि नेमका तेव्हाच मैदानावर आवाज घुमला.

"अरे, पिच्चर बोलून राहिला!" कोणीतरी ओरडलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मायनं माझे दोन्ही हात घट्ट धरले. "नोको वाजवू, पोरी. पाळी सुटाले वेळ आहे. हा आपल्या खाणीचा भोंगा होय."

बाया खाणीकडे धावल्या. बाबांना वर आणलं ते झाकूनच.

पिच्चरचा शेवट मी काल पाहिला. गाडीतून कोणीच उतरत नाही. बाई रडत नाही, नवऱ्यासाठी आणलेला कोट हळूहळू घडी करते. मायनंही बाबांचा सदरा असाच घडी केला होता.

"आजी," नातीनं मधेच विचारलं, "तू हात पदरात काहून लपवून राहिली?"