कशासारखं बाई

आमच्या बाईंना ‘छान’ या शब्दाचा राग होता. वर्गात कोणी ‘कविता छान आहे’ म्हटलं की त्या खडू खाली ठेवायच्या, कमरेवर हात टेकवायच्या आणि विचारायच्या, "छान म्हणजे? कशासारखं?" पोर गांगरून खाली बसायला लागलं की पुढचा प्रश्न, "बसतं काऊन? मी काय मारून राह्यली का?" मारलं त्यांनी कधीच नाही, पण त्या प्रश्नापेक्षा छडी परवडली असती. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. आम्ही त्यांना ‘कशासारखं बाई’ म्हणायचो, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

आमची शाळा गिरडच्या रस्त्यावरची, सातवीपर्यंतची. बाई मराठी शिकवायच्या. जुनी कविता आली की इतर गुरुजी फळ्यावर शब्दार्थ लिहून मोकळे होत. बाई मात्र डोळे मिटून अख्खा श्लोक म्हणायच्या आणि टेबलावर ताल धरायच्या. लघु अक्षराला एक बोट, गुरूला पूर्ण पंजा. मग तोच ताल आम्ही चाळीस पोरं बाकांवर धरायचो. पत्र्याखाली असा दणका उठायचा की शेजारच्या वर्गातले गणिताचे गुरुजी दारात येऊन उभे राहात. "थांबा गुरुजी," बाई म्हणायच्या, "श्लोक मधात सोडता येत नाई."

अर्थाची पाळी सगळ्यात शेवटी. त्याआधी त्या विचारायच्या, "हे पाह्यलं तेव्हा कवी कुठं उभा होता?" वावरात, नदीवर की अंगणात, ते आम्ही भांडून ठरवायचो. उपमा सापडली की ती खरी वाटते का, यावर पुन्हा भांडण. "हा कवी जाऊन शेकडो वर्षं झाली, त्याची उपमा अजून ताजी आहे," त्या म्हणायच्या. "तुही कालची काऊन शिळी झाली?"

अलंकाराचं उदाहरण मात्र पुस्तकातलं चालायचं नाही, गाईडमधलं तर मुळीच नाही. त्याला त्या ‘उष्टं’ म्हणत. सुमननं एकदा आईच्या मुखाला चंद्राची उपमा दिली. बाईंनी विचारलं, "तुही माय सकाळपासून वावरात निंदाले जाते. तिचं तोंड चंद्रासारखं दिसते का?" सुमननं विचार केला आणि म्हणाली, "नाई बाई. संध्याकाळी ते चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखं दिसते. हात लावाची भीती वाटते." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ती ओळ फळ्यावर लिहिली आणि खाली सुमनचं नाव लिहिलं.

मी सहावीत असताना हेच आमच्या अंगाशी आलं. त्या वर्षी वार्षिक परीक्षेचे पेपर दुसऱ्या शाळांतल्या शिक्षकांनी तपासले. ‘उपमा अलंकाराचे एक उदाहरण लिहा’ या प्रश्नाला आमच्या अख्ख्या वर्गाला भोपळा मिळाला. मी लिहिलं होतं, ‘माझ्या आजोबांचा खोकला चेन उतरलेल्या सायकलीसारखा आहे. पाय फिरतात, पण गाडी पुढे जात नाही.’ त्यावर लाल शाईची फुली आणि शेजारी शेरा, ‘पुस्तकात नाही’.

गावात बोंबाबोंब झाली. शाळेत पालकांची सभा भरली आणि तालुक्याहून साहेब आले. बाईंनी पुढच्या वर्षीपासून पुस्तकातली उदाहरणं लिहून द्यावीत, नाहीतर मराठीचा विषय सोडावा, असं त्यांनी बजावलं. बाईंची एक गंमत होती. माया आली की त्या वऱ्हाडी बोलत आणि संतापल्या की एकदम शुद्ध. त्या दिवशी अगदी शुद्ध बोलल्या. "साहेब, पुस्तकातलं उदाहरणसुद्धा कोणीतरी कधीतरी पहिल्यांदाच लिहिलं असेल ना? या मुलांच्या उपमेत चूक दाखवा, मी स्वतः खोडते."

साहेब काही बोलायच्या आत माझे बाबा उठले. आमचं किराणा दुकान, बाबांना मार्कांची फार काळजी. "बाई, पोरीले पुस्तकातलं लिहाले काय झालं होतं?"

बाई त्यांच्याकडे वळल्या आणि वऱ्हाडीत आल्या. "भाऊ, तुमच्या वडिलाचा खोकला तसा आहे का नाई?"

बाबांनी मान खाजवली. "आहे खरा."

"मंग मार्क कायचे कापले?"

सभा हसली, पण हसण्यानं निकाल बदलत नसतो. बाईंनी उदाहरणं लिहून द्यायला साफ नकार दिला, आणि जूनमध्ये त्यांचा मराठीचा विषय काढून घेतला. शाळेत नुकतीच खिचडी सुरू झाली होती. पहिलीच्या वर्गासोबत तिची देखरेख बाईंच्या गळ्यात पडली. मला इतका राग आला होता की नव्या गुरुजींनी सांगितलेली उदाहरणं मी वहीत उतरवलीच नाहीत.

बाईंनी मात्र पदर खोचला आणि खिचडीची रांग ताब्यात घेतली. पळीभर खिचडी प्रत्येकाच्या ताटात पडायची, पण पडताना प्रश्न यायचाच, "आज कशी आहे? कशासारखी?" ‘छान’ म्हणायची कोणाची टाप नव्हती. महिनाभरात पहिलीतली चिल्लीपिल्लीही उपमा देऊ लागली. मग एक दिवस साहेब तपासणीला आले आणि त्यांनी रांगेतल्या सुमनलाच विचारलं, "काय बेटा, खिचडी कशी आहे?"

"लगीनघरासारखी," सुमन म्हणाली. "तांदूळ म्हणजे पाव्हणे, जिकडं तिकडं तेच. डाळ घरची बाई, कुठं दिसतच नाई."

साहेबांनी ताटात बोट फिरवलं आणि मुख्याध्यापकांकडे पाहिलं. पुढच्या सोमवारी खिचडी पिवळी झाली. मराठीचा विषय बाईंना परत मिळाला नाही तो नाहीच. निवृत्त होईपर्यंत त्या पळी हातात घेऊन अलंकार शिकवत राहिल्या.

पुढे मी नर्सिंगला गेले. पहिल्याच वर्षी, माझी वॉर्डात ड्यूटी असताना, बाई भरती झाल्या. अर्ध्याच उरल्या होत्या. मी कागदावरचं वाचून विचारलं, "बाई, पोटात कसं दुखतं? टोचल्यासारखं की जळल्यासारखं?"

त्यांनी डोळे उघडले. "कोनाचं उष्टं वाढून राह्यली मले?"

मी कागद खाली ठेवला. "कशासारखं दुखतं, बाई?"

दुखण्यातही त्या शब्द निवडत होत्या. मग म्हणाल्या, "शाळा सुटली, पोरं घरी गेली, पन घंटा वाजूनच राह्यली. तसं."

मी ते जसंच्या तसं लिहिलं. आमच्या सिस्टर चांगल्या होत्या, समजावून म्हणाल्या, "अगं, ‘सतत’ एवढंच लिही, ते खोड." मी म्हटलं, "खोडणार नाही सिस्टर, हे पेशंटचं म्हणणं आहे." खाटेवर बाईंचा हात चादरीवर हलला. एक लघु, एक गुरू, पुन्हा एक लघु.

बाई त्याच महिन्यात गेल्या. मी खूप रडले, आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर येऊन पहिल्याच आजोबांना विचारलं, "कशासारखं दुखतं?" आजही तेच विचारते. कागदावर उत्तरासाठी एका शब्दाची चौकट असते, त्यात ते मावत नाही, म्हणून मी समासात लिहिते. कोणी हटकलं तर सांगते, चूक दाखवा, मी स्वतः खोडते.