कळसाडीच्या लग्नाचा बॅकअप

किस्से आपोआप साठतात, बॅकअप घ्यावा लागतो. हे मला कळलं ते कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमधून बारीकशी ‘टक’ आली तेव्हा. मी खुर्चीसकट मागे सरकले. शहाद्याच्या एका फोटो स्टुडिओत मी लग्नांचं एडिटिंग करते, आणि त्या डिस्कवर कळसाडी गावचं अख्खं लग्न होतं.

मालक योगेशदादा म्हणाले, “गरम व्हई ऱ्हायनी ती. तू तं मिक्सर लावा तरी दचकस.”

“पण दादा, बॅकअप?”

“शे ना. सी ड्राइव्हमधलं डी मा टाकेल शे.”

सी आणि डी, एकाच डिस्कचे दोन कप्पे. चोराच्या भीतीनं दागिने त्याच कपाटाच्या खालच्या खणात हलवल्यासारखं!

*

बाहेरून जोडायची दुसरी डिस्क होती. दसऱ्याला दादांनी तिची यथासांग पूजा केली. वायर लावायच्या खाचेत कुंकू गेलं, ती चालूच होईना. मी टाचणी घेऊन बसले.

“काढू नको,” दादा म्हणाले, “शुभ ऱ्हास.”

*

मग क्लाउड. इथलं नेट रांगतं, म्हणून दादा मागे एकदा सीपीयू मांडीवर घेऊन एसटीनं नंदुरबारला, चांगलं नेट असलेल्या भावाकडे गेले. कंडक्टरनं विचारलं, “हे काय?”

“लगीन शे. हळू चालाडा.”

तिथं कळलं, दादांच्या फुकटच्या क्लाउडमध्ये जागाच नाही. सगळा सुप्रभातच्या गुलाबांनी भरलेला.

*

आता टकटक थांबली. डिस्कही थांबली. शूटिंग करणाऱ्या सलीमचाचांना विचारलं, “कळसाडीचं मेमरी कार्ड?”

“बेटा, उस पे तो अब खांडबारा गाँव की हल्दी है.”

*

उरला एक पेन ड्राइव्ह. अल्बमचे फोटो निवडायला म्हणून सगळं शूटिंग त्यात भरून आम्ही नवरीच्या घरी दिलं होतं. त्यावर कुणी ट्रॅक्टरसाठी गाणी भरली असली, तर ते लग्न झालंच नव्हतं.

नवरीच्या आईला फोन लावला. रिंग वाजून बंद. परत लावला. दादा पंख्याकडे बघत बसले. चाचा, “घर में शादी के बाद सब सोते हैं,” म्हणाले. परत लावला.

उचलला. मागे सनई, आणि कुणीतरी हुंदके देतंय.

“काकू, तो पेन ड्राइव्ह...”

“थांब वं माय. आते टीव्हीवर पोरनी बिदाई चालू शे. माले पोटभर रडी लेवू दे, मंग बोल.”