आक्काची आभाळाच्या दाराची गोष्ट

त्या रविवारी पाळकांनी आक्काचं नाव चर्चच्या मंडळीतून काढलं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. कॅम्पातल्या आमच्या चर्चमध्ये ती रविवारी मुलांना गोष्टी सांगायची. एक गोष्ट तिनं स्वतःच रचली होती. आभाळाला एक दार असतं. पंखवाले पुजारी ते राखतात आणि आलेल्या पाखरांना कूळ विचारून परत धाडतात. एक चिमणी भिंतीवरून आत जाते, तर देव तिथं एकटाच वाट बघत बसलेला असतो.

त्या रविवारी पाळकांनी तिला मंडळीसमोर उभं केलं. "दार राखणारे कोण, हे पोरांनाही कळतं. गोष्ट खोटी आहे, असं सगळ्यांसमोर म्हण."

"गोष्ट खोटीच असती की, पाळकसाहेब. ती खरी हाय असं तुम्हीच धरून बसलाय."

मागच्या चटईवर कोणीतरी हसलं. पाळक हसले नाहीत.

आमच्याकडे प्रभुभोजनाचा द्राक्षरसाचा प्याला एकच असे आणि तो हातोहात फिरे. पुढच्या खेपेला आक्काच्या पलीकडच्या बाईनं तिच्यासमोरून हात लांबवून तो माझ्याकडे दिला. मी न पिताच पुढे केला. आक्का एवढंच म्हणाली, "तू कशाला गं?"

दोन पावसाळ्यांनी ती तापानं गेली. चर्चच्या कबरस्तानात तिला जागा मिळाली नाही. मामांनी नंदगडच्या आपल्या शेतात दिली.

आता पाळक नवे आहेत. ते मला चर्चमध्ये परत बोलावतात. मी रविवारी घरीच असते.